ब्लोअर थांबला की

शहाद्याजवळून वाहणारी गोमाई प्रकाशाला तापीत मिळते, तापी पुढे उकाईच्या जलाशयात. त्यामुळे या खोऱ्यात सांडपाणी प्रक्रियेतला बिघाड गावापुरता राहत नाही.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रात घाण खातात ते जिवाणू, आणि त्यांना सतत हवा लागते. ती पुरवणारा जुना ब्लोअर बसला, की काही तासांत ते गुदमरू लागतात. पाण्याला कुजका वास येतो. तातडीची दुरुस्ती म्हणजे आधी पर्यायी ब्लोअर जोडणे, मग मूळ यंत्र खोलणे. यंत्र दिवसात सुरू होईलही. जिवाणू पुन्हा वाढायला मात्र कधी आठवडे जातात. तोवर क्लोरीन घालतात. त्याने रोगजंतू मरतात, सेंद्रिय घाण बरीचशी तशीच उरते. या घाणीचे माप म्हणजे बीओडी. तो महानगरांबाहेर लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा, असे २०१७चा केंद्रीय नियम सांगतो. जादा ब्लोअर आधीच घेऊन ठेवणे सोपे. पण पालिकांच्या बजेटात त्याचा नंबर लागतो कधी?