बारा घरांची भिशी

दक्षिण महाराष्ट्रातल्या गावांत बायकांची भिशी बहुधा दुधाचं बिल झालं की बसते. दूध संघाचे पैसे दर दहा दिवसांनी येतात, भांगलणीची मजुरी बाजाराच्या दिवशी हातात पडते. उसाचं बिल मात्र वर्षातून एकदोनदा येतं, तेही बहुतेक घरी घरधन्याच्या खात्यावर. म्हणजे बाईच्या हाती पैसा येतो तो थोडाथोडा, आणि तिला लागतो तो एकरकमी: शिलाई मशीनला, शेळीला, मुलीच्या कॉलेजच्या फीला. हे अंतर भरून काढणाऱ्या गावातल्या सगळ्या सोयींत भिशी सर्वांत साधी, आणि माझ्या मते सर्वांत कमी लेखलेली.

रीत अशी. बाराजणी महिन्याला पाचशे रुपये काढतात, सहा हजार जमतात. डब्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकून घरातल्या एखाद्या लहान पोराला एक उचलायला लावतात. जिचं नाव निघालं तिला भिशी लागली. पुढच्या महिन्यात तिची चिठ्ठी डब्यात नसते, हप्ता मात्र चालूच राहतो. कित्येक ठिकाणी पहिली भिशी चालवणारीची असते, आणि ते रास्तच आहे, कारण कुणाचा हप्ता अडला तर पदरचे घालून वेळ तीच निभावते. लिलावाची भिशी वेगळी. तिथे गरजवंत कमी रकमेची बोली लावून भिशी उचलतो आणि सोडलेले पैसे बाकीच्यांत वाटले जातात. घरोघरी बसणाऱ्या बायका बहुधा चिठ्ठीच पसंत करतात. मैत्रिणीच्या नडीवर पैसे कमवायचे नाहीत, एवढा संकोच तिथे शिल्लक आहे.

यात फायदा कुणाचा? एकटीने महिना पाचशे बाजूला टाकले तर सहा हजार व्हायला बारा महिने लागतात. भिशीत अकराजणींना तीच रक्कम त्याआधी मिळते, आणि बारावीला मिळते ती एकटीने साठवून मिळाली असती तेव्हाच. नुकसान कुणाचंच नाही. टिमोथी बेस्ली, स्टीफन कोट आणि ग्लेन लाउरी या अर्थशास्त्रज्ञांनी 1993 साली हे रीतसर गणित मांडून दाखवलं. भिशी काही आपल्याकडचीच नाही. इंडोनेशियात तिला अरिसान म्हणतात, कोरियात के, मेक्सिकोत तांदा. पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो नैरोबीच्या किबेरा वस्तीतला अभ्यास. सिवान अँडरसन आणि जाँ-मारी बालाँ यांनी 2002 साली तो प्रसिद्ध केला. तिथल्या भिश्यांत मुख्यतः बायकाच होत्या, आणि अभ्यासकांनी त्याचं कारण असं मांडलं की, घरातला पैसा नवऱ्याने खर्चून टाकण्याआधी तो बाहेर सुरक्षित ठेवण्याची ही वाट होती. डाळीच्या डब्यात लपवलेली नोट मागितली की द्यावी लागते. भिशीत गेलेली नोट बाराजणींची होते, ती कुणाला मागता येत नाही.

पण नुसत्या हिशेबाने भिशी उभी राहत नाही. ती उभी राहते घरांवर. जिला भिशी लागली तिच्याकडे पुढची बैठक, म्हणजे वर्षभरात प्रत्येकीचा उंबरठा बाकीच्या अकराजणी ओलांडतात. कुणाच्या घरात आजारी सासरा आहे, कुणाचा पत्रा गळतो, कुणाच्या माजघरात नवं मशीन आलंय, हे विचारावं लागत नाही, दिसतं. बँक तारण मागते, इथे घर पाहिलेलं असतं. नवी सून गल्लीतल्या बायकांना ओळखू लागते ती इथेच. एरवी बाहेर पडायला कारण द्यावं लागणाऱ्या घरांतूनही ‘भिशीला जाते’ एवढं पुरतं. पोहे आणि चहा होईतो बियाणं, रेशन, तालुक्याच्या दवाखान्यातली चांगली डॉक्टरीण, दहावीनंतर मुलीला कुठे घालायचं, असं सगळं बोलून होतं.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हळदीकुंकवाचं आमंत्रण नवरा हयात आहे की नाही यावर ठरतं, भिशीचं हप्त्यावर. विधवा बाई संक्रांतीच्या वाणाला दाराआड राहते, तीच भिशीत सगळ्यांच्या मधे बसून पैसे मोजते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि मग राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. त्या ठरावाचं मोल मोठंच. पण भिशीच्या डब्यातल्या चिठ्ठीवर कुंकू कधीच नव्हतं, हेही कुणीतरी नोंदवायला हवं.

बचत गटाशी तिची गल्लत करू नये. नाबार्डने 1992 मध्ये पाचशे गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला, त्यातून दहा ते वीस बायकांचे गट गावोगाव उभे राहिले. त्यांना ठरावाचं बुक आहे, बँकेचं खातं आहे, कर्ज आहे, आणि त्यांनी बायकांना तालुक्याच्या कचेरीपर्यंत नेलं. भिशीला यातलं काही नाही. 1982 च्या चिट फंड कायद्यातही, सगळ्यांना पाळीपाळीने रक्कम मिळते आणि पुढचे हप्ते भरावेच लागतात, असा व्यवहार ‘चिट’ नव्हे असं स्पष्टीकरण आहे. ती आपल्या भरवशावरच चालते, म्हणून बुडतेही. हजारांची भिशी लाखांवर गेली, एकमेकींचं घर न पाहिलेल्या पन्नास जणी त्यात आल्या, की बुडण्याचा धोका वाढतोच. हल्ली हप्ता फोनवरून धाडून बैठकीला न येणंही वाढलंय. वेळ वाचतो, हे खरं. पण ज्या घरी आपण गेलोच नाही त्या घरची अडचण आपल्याला कळणार कशी?

मात्र हीच घरं भिशीची मर्यादाही आहेत. कुणी कुणाकडे चहा प्यायचा हे गावात अजून जातीवरून ठरतं, आणि भिशी बहुतेकदा भावकीत, फार तर गल्लीत फिरते. वस्तीतल्या बायकांची भिशी वेगळी असते. शेतात एकाच ओळीत भांगलणाऱ्या दोघी भिशीला दोन वेगळ्या घरांत बसतात, याचं दुःख वाटतं.

नवं घर आत येतं ते फेरी संपल्यावरच. बारावी भिशी लागली की त्याच बैठकीत पुढची नावं निघतात. जिचा हप्ता दोनदा लांबला तिच्याबद्दल चर्चा होते, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय तिला चिठ्ठीशिवाय वैशाखातली भिशी द्यायचं ठरतं. बाहेरची बाई घ्यायची तर आतल्या एकीने जामीन राहायचं: तिचा हप्ता चुकला तर मी भरीन. कागद होत नाही. तसं म्हणणारी एक जरी निघाली, तरी त्या बाईचं नाव वहीत चढतं.