घरखर्चाचा मेळ – लेखांक ११ : मुलांचे खेळ, छंदवर्ग आणि आपला खिसा

गेल्या आठवड्यात आपण शाळेची फी, वह्या-पुस्तकं आणि गणवेश यांचा हिशेब मांडला. तो खर्च टळत नाही. फार तर आधीपासून बाजूला काढता येतो. आजचा खर्च वेगळा आहे. कराटे, क्रिकेट, स्केटिंग, नृत्य, तबला, बुद्धिबळ यांतलं काहीही लावलं नाही, तरी मूल पुढच्या इयत्तेत जातंच. तरीही घालमेल सर्वांत जास्त याच खर्चापायी होते. वर्गातली चार मुलं ॲकॅडमीत जातात, शेजारची मुलगी भरतनाट्यम शिकते आणि आपण आपल्या लेकराला नाही म्हणतो, हा सल आई-वडिलांना टोचत राहतो. त्या टोचणीतून घाईने फी भरली जाते, आणि अनेकदा ती दोन-तीन महिन्यांत वाया जाते.

ज्या घरात महिनाअखेरीस हात आखडतो, त्या घराने या बाबतीत एक नियम धरावा असं मला मनापासून वाटतं. पैसा मुलाच्या मागून जावा, पुढून नाही. मूल आधी एखाद्या खेळात किंवा कलेत रमू दे, टिकू दे. मग खर्च एकेक पायरी वाढवावा. या नियमाने मुलाचं नुकसान होत नाही. उलट ज्याची खरी ओढ आहे त्याच्यासाठी पैसा शिल्लक राहतो.

फी म्हणजे पूर्ण खर्च नव्हे

क्लासच्या दारावर महिन्याची फी लिहिलेली असते आणि आपण तेवढाच आकडा डोक्यात ठेवतो. एक उदाहरण कागदावर मांडू. समजा, कराटेची फी महिन्याला ८०० रुपये आहे. वर्षाचे झाले ९,६००. प्रवेश फी ५०० आणि ड्रेस १,२००. बेल्टच्या परीक्षा वर्षात तीन, प्रत्येकी ७०० प्रमाणे २,१००. दोन स्पर्धांचं प्रवेशशुल्क आणि प्रवास मिळून २,०००. क्लास आठवड्यातून तीन दिवस आणि रिक्षाचे जाऊन-येऊन ६० रुपये धरले, तर महिन्याला ७२० म्हणजे वर्षाला ८,६४०. सगळं मिळून २४,०४०. म्हणजे ८०० रुपयांचा क्लास महिन्याला सुमारे २,००० रुपयांना पडला. यात सर्वांत मोठी वाढ रिक्षाने केली. घराजवळचा साधा क्लास लांबच्या नावाजलेल्या क्लासपेक्षा परवडतो, तो यामुळे. मुलाला सोडायला जाणाऱ्या आईची शिवणकामाची किंवा डब्यांची कमाई त्या वेळेत बुडत असेल, तर तीही याच हिशेबात धरा.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करू. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत ८०सी कलमाखाली दोन मुलांपर्यंतच्या शाळा-कॉलेजच्या शिक्षण शुल्काची वजावट मिळते. खासगी क्लासची किंवा क्रीडा ॲकॅडमीची फी त्यात बसत नाही. त्यामुळे ‘टॅक्समध्ये वाचेल’ या आशेवर निर्णय घेऊ नका.

आकडा आधी, क्लास नंतर

दोन मुलांचं एक घर डोळ्यांसमोर आणू. महिन्याचं उत्पन्न ३५,०००. भाडं, किराणा, शाळा, औषधं, गावी पाठवायचे पैसे आणि अडीअडचणीची थोडी शिल्लक काढल्यावर मुलांच्या खेळ-छंदांसाठी १,५०० रुपये उरतात. म्हणजे वर्षाला १८,०००. वर मांडलेला कराटेचा एक क्लासच या घराला झेपत नाही, हे फी भरण्याआधी कळलं पाहिजे.

पण याच १८,००० मध्ये दोन्ही मुलांचं पुष्कळ काही होतं. सातवीतली मुलगी मंडळात खो-खो खेळते: वर्गणी महिन्याला २०० म्हणजे वर्षाला २,४००, बुटांचे दोन जोड १,८००, स्पर्धांचा प्रवास १,५००. झाले ५,७००. तिसरीतला मुलगा उन्हाळ्यात पोहायला शिकतो: बॅच २,५००, कपडे-गॉगल-टोपी ९००. झाले ३,४००. त्याचा गल्लीतला तबल्याचा क्लास महिन्याला ५०० प्रमाणे ६,०००. एकूण १५,१००. उरलेले २,९०० हात न लावता ठेवायचे. मुलीची निवड पुढच्या पातळीवर झाली तर तेच उपयोगी पडतील. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. पण वर्षाचा आकडा आधी ठरवायचा आणि त्यात बसेल तेच निवडायचं, हा क्रम सोडू नका. क्लासच्या फीसाठी हप्ते किंवा कर्ज तर मुळीच काढू नका.

रोजचं खेळणं फुकट मिळालं पाहिजे

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांच्या शरीराला रोज सरासरी किमान ६० मिनिटं चांगली हालचाल हवी. आठवड्यातून तीन दिवस तासभराचा क्लास लावून ही गरज भागत नाही. धावणं, लंगडी, लगोरी, सायकल, दोरीच्या उड्या, डब्बा ऐसपैस यांनी ती भागते. त्यामुळे आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या मुलाला पैशाचा क्लास नाही याची खंत बाळगू नये. त्याला संध्याकाळी मैदान आणि सवंगडी मिळतात का, याची काळजी करावी. याला एक अपवाद मी करीन, तो पोहण्याचा. नदी, विहीर, शेततळं आणि समुद्र असलेल्या आपल्या मुलखात पोहता येणं हा जीव वाचवणारा धडा आहे. महापालिकेच्या तलावावरची उन्हाळी बॅच त्यासाठी पुरते.

दुसरं ठिकाण म्हणजे शाळा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असावं आणि प्रत्येक वर्गाला खेळाचं साहित्य मिळावं, असं स्पष्ट लिहिलं आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना खेळाच्या साहित्यासाठी वार्षिक अनुदानाची तरतूद आहे: प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिक-उच्च माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. साहित्य कुठे आहे, खेळाचा तास खरंच होतो का, संघ स्पर्धेला जातो का, हे तिथे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. एका पालकाने विचारलेला हा प्रश्न सगळ्या वर्गाच्या कामी येतो.

खेळ निवडताना पुढची पायरीही बघा

काही खेळ सुरुवातीला स्वस्त असतात आणि पुढेही आवाक्यात राहतात. खो-खो, कबड्डी, धावणं, कुस्ती आणि मल्लखांब यांचा मान यात पहिला. खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात बसवले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले, आणि दोघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे लहानपणी शाळेला रोज पायी-पळत जायचा. पुढे सैन्यात गेल्यावर तो स्टीपलचेसकडे वळला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवलं. आपल्या गावात तालीम असेल, व्यायामशाळा असेल, एखादं जुनं क्रीडा मंडळ असेल तर खासगी ॲकॅडमीच्या आधी तिथे जाऊन चौकशी करा. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आणि पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासून उभं आहे. अशा संस्थांची परंपराच मुळी सर्वांना मैदान मिळावं या विचारातून आली.

काही खेळांचा उंबरठा स्वस्त आणि माडी महाग असते. बुद्धिबळाचा पट काही शे रुपयांत येतो. पण मूल चांगलं खेळू लागलं की रेटिंग स्पर्धा, त्यांची फी, प्रवास, मुक्काम आणि प्रशिक्षक असा खर्च वाढत जातो. तिरंदाजी बांबूच्या धनुष्यावर सुरू होते, मात्र आंतरराष्ट्रीय स्पर्धांतल्या धनुष्याची किंमत लाखांत जाते. लेदर बॉलच्या क्रिकेटला बॅट, पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट असं सगळं लागतं, आणि वाढत्या वयात दर एक-दोन वर्षांनी माप बदलतं. म्हणून हे खेळ टाळावेत असं नाही. २०२५ मध्ये महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकणारी दिव्या देशमुख नागपूरची, तर २०२३ मध्ये बर्लिनमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी तिरंदाजीत विश्वविजेती झालेली अदिती स्वामी साताऱ्याची. सुरुवात करताना पुढचा खर्च माहीत असावा, एवढंच. साहित्य पहिल्या वर्षी मोठ्या मुलांकडून वापरलेलं घ्यावं. वाद्याचंही तसंच: तबला-डग्गा किंवा पेटी आधी भाड्याने किंवा उसनी आणावी, पहिली परीक्षा झाल्यावर विकत घ्यावी.

कलेतही कमी खर्चाच्या, जुन्या आणि भरवशाच्या वाटा आहेत. शाळेतून देता येणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा, गायन-वादन-नृत्यासाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा. घराजवळ शिकवणाऱ्या बाई किंवा गुरुजी यांच्याकडूनही या देता येतात. दहावीला कला आणि क्रीडा यांचे सवलतीचे गुण मिळतात. त्यांचे नियम त्या-त्या वर्षी शाळेत विचारून घ्या. पण केवळ त्या गुणांसाठी नावडता क्लास लावू नका.

खर्च कधी वाढवावा

‘मुलात टॅलेंट आहे, ॲडव्हान्स बॅचला टाका’ असं प्रशिक्षक म्हणाले की आई-वडील विरघळतात. त्या वेळी तीन गोष्टी तपासा. मूल न उठवता, न ओरडता सरावाला जातं का? सुट्टीतही ते स्वतःहून खेळतं का? आणि शालेय स्पर्धांत तालुक्यावरून जिल्ह्यावर, जिल्ह्यावरून विभागावर असं काही पुढे सरकलं आहे का? १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांच्या या स्पर्धा मुलाची पातळी कुठल्याही ॲकॅडमीच्या प्रमाणपत्रापेक्षा खरी सांगतात. तिन्हींचं उत्तर होकारार्थी असेल तर खर्चाची पुढची पायरी चढावी. उशीर होईल अशी भीतीही नको: अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट सुचवलं की बहुतेक खेळांत मुलाने एकाच खेळाला पूर्ण वाहून घेणं १५-१६ वर्षांपर्यंत लांबवावं.

पुढची पायरी चढताना सगळा भार घरावर घेऊ नका. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांची माहिती घ्या. निवड झालेल्या मुलांचं राहणं, जेवण, शिक्षण आणि प्रशिक्षण यांची सोय शासन करतं. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये याच योजनेत दाखल झाला आणि २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत ऑलिंपिक कांस्यपदक घेऊन आला. नेमबाजीसारखा महागडा खेळ खेड्यातल्या मुलाला त्या योजनेमुळे खुला झाला. केंद्राच्या खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या खेळाडूला महिन्याला १०,००० रुपये हातखर्च मिळतो.

खाशाबा जाधवांचं उदाहरण इथे आठवतं. गोळेश्वरच्या तालमीत कुस्ती शिकताना त्यांच्या घराला फीचा बोजा नव्हता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी वर्गणी गोळा करावी लागली, कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकलं, आणि खाशाबांनी कांस्यपदक आणलं. खेळाडूला त्यासाठी दारोदार फिरावं लागलं ही व्यवस्थेची लाज होती. पण पैसा उभा राहिला तो वर्षानुवर्षांच्या कसोटीनंतर, हेही तितकंच खरं.

घरातला न्याय

पैसे कमी असतात तेव्हा मुलाच्या क्रिकेटला फी मिळते आणि मुलीला ‘घरीच चित्रं काढ’ असं सांगितलं जातं. हे अनेक घरांत नकळत होतं. म्हणून वर्षाचा आकडा ठरला की तो मुलांसमोर मांडा आणि दोघांचा वाटा बरोबरीने बोला. मुलीचा क्लास निवडताना मैदानावर स्वच्छतागृह आहे का, परत येताना सोबत आहे का, हे नक्की बघा. पण त्या कारणाने तिचं खेळणं बंद करू नका. नाही म्हणायची वेळ आली तर ‘तुला जमणार नाही’ असं सांगू नका. ‘या वर्षी एवढेच पैसे आहेत, यात काय घ्यायचं ते तू ठरव’ असं सांगा. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे समजतं, आणि आपण निवडलेलं ते जास्त मनापासून सांभाळतं.

फी भरण्याआधी क्लासमध्ये एवढं विचारा: पहिला आठवडा बघून ठरवता येईल का, वर्षाऐवजी महिन्याची फी चालेल का, जीएसटी वेगळा आहे का, परीक्षा आणि स्पर्धा सक्तीच्या आहेत का, मधे सोडल्यास पैसे परत मिळतात का, भावंडांना किंवा अडचणीतल्या मुलांना सवलत आहे का. उत्तरं लेखी घ्या, पावती जपून ठेवा. सवलत मागण्यात कमीपणा नाही. चांगला शिक्षक अशा मुलाला परत पाठवत नाही.

या रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून वर्षाचा आकडा ठरवा आणि वहीत लिहा. क्लासची चौकशी सोमवारपासून करा. पुढच्या लेखात सहली, स्नेहसंमेलनं आणि वाढदिवस या अधूनमधून येणाऱ्या खर्चांचा विचार करू.