घरचं रॉक ध्वनिमुद्रण (भाग ६) : तळाशी कोण, किक की बेस?

घरी मिक्स केलेल्या रॉक गाण्यात बेस गिटार ऐकू येत नाही, ही नेहमीची तक्रार. नेहमीचा उपाय म्हणजे बेसचा फेडर वर ढकलणे. मग किक दबते, म्हणून तीही वाढवायची. शेवटी सगळं गाणं घुमायला लागतं आणि बेस काही सापडत नाही. माझ्या मते बेस हरवतो तो आवाज कमी पडल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा त्याची आणि किकची जागाच ठरवलेली नसते. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची ई तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते, तिच्या वरची ए ५५ ला. आणि रॉकमधल्या किकचा दणका साधारण ५० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. तळाशी दोघांची एकदम वर्णी लागत नाही. किक ६० च्या आसपास ठेवायची असेल तर बेसमधला तेवढाच भाग दोन-तीन डेसिबलने उतरवावा. बेस तळाशी हवा असेल तर किक खालून कापावी आणि तिच्या टोल्याची टकटक, म्हणजे ३ ते ४ हजार हर्ट्झचा भाग, पुढे आणावा.

यावर कोणी मेटॅलिकाचा १९८८ सालचा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ पुढे करील. त्यात जेसन न्यूस्टेडचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि तिथे तो मिक्समध्ये सरळ खाली ओढलेला होता. हे मान्य. पण त्याच अल्बममध्ये किकची टकटक किती दूरवर पोहोचते तेही ऐका. किक कानावर पडायला तळ लागतोच असं नाही, याचा याहून ठळक पुरावा मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : आकडे कशाला, कान आहेत की! कान आहेत, पण ते खोलीत आहेत. दहा फूट अंतरावरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झची लहर अडकते. भिंतीलगत ती फुगते, मधोमध जवळपास नाहीशी होते. म्हणजे नेमका आपल्या भांडणाचाच पट्टा! खोलीच्या मध्यावर बसलेला माणूस तळ कमी समजून वाढवत राहतो आणि तेच गाणं मोटारीत वाजलं की दारं थरथरतात. हेडफोनने खोलीचा हा खोटेपणा टळतो, पण काम संपत नाही. मोबाईलचा स्पीकर तळाचा हा पट्टा जवळजवळ वाजवतच नाही. तिथे बेस ओळखू येतो तो वरच्या स्वरांशांमुळे. म्हणून बेसच्या ट्रॅकची एक प्रत काढून तिच्यावर डिस्टॉर्शन चढवावं, तिचा तळ पूर्ण छाटावा आणि ती मूळ बेसखाली जेमतेम जाणवेल इतकीच मिसळावी.

पुढच्या आठवड्यात गिटार घेऊ. तोवर सोलो बटण दाबून एकट्या बेसचा नाद देखणा करण्याच्या फंदात पडू नका. किक आणि बेस दोन्ही चालू ठेवून, हळू आवाजात ऐका.