तेरा तासांची रात्र आणि कोरडे तोंड

पनवेलची थंडी नाशिक-पुण्यासारखी बोचरी नसते. दुपारनंतर खाडीकडची हवा गावात शिरते आणि स्वेटर बहुधा कपाटातच राहतो. तरीही मार्गशीर्ष-पौषात येथील जैन घरांतील अनेक ज्येष्ठ मंडळी पहाटे उठतात, तेव्हा त्यांची जीभ टाळूला चिकटलेली असते. दोष थंडीला दिला जातो. तो अगदीच खोटा नव्हे. सकाळचा जमिनीवरून येणारा वारा कोरडा असतो, सर्दीने नाक चोंदते आणि रात्रभर श्वास तोंडावाटे चालतो. मात्र व्रत पाळणाऱ्या घरात आणखी एक कारण असते, आणि ते घड्याळावर मोजता येते.

जूनच्या उत्तरार्धात पनवेलला सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो आणि सहाच्या सुमारास उगवतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात तो सहालाच मावळतो आणि सातनंतर उगवतो. चौविहार करून नवकारशीला, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, पच्चक्खाण पारणाऱ्याचा निर्जल काळ जूनमध्ये साडेअकरा तासांचा असतो. डिसेंबरमध्ये तो पावणेचौदा तासांवर जातो. हे सव्वादोन तास वाढतात ते नेमके दिवसा तहान न लागणाऱ्या ऋतूत. मे महिन्यात पेढीवर तासातासाला पाणी मागणारा माणूस जानेवारीत चार कप चहावर दिवस काढतो.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. झोपेत ती जवळजवळ थांबते. लाळ म्हणजे केवळ ओलावा नव्हे. ती अन्नकण धुते, आम्ल शमवते, बुरशीला आवर घालते. तोंडातील पीएच ५.५ च्या खाली उतरला की दातांचे कवच विरघळू लागते. हिरड्या मागे सरल्याने उघडी पडलेली दातांची मुळे तर त्याच्याही आधी झिजू लागतात. दुकान सोडून घाईने घरी यायचे, चार घास पोटात ढकलायचे आणि वर गुळाचा खडा किंवा साखर चढवलेली बडीशेप तोंडात टाकून पच्चक्खाण घ्यायचे, ही अनेक घरांची रीत आहे. त्या शेवटच्या गोडाला पुढील तेरा तास धुणारे कोणी नसते. उतारवयात दात मुळाशी किडतात, त्यात या सवयीचा वाटा मोठा असतो.

म्हणून सूर्यास्तापूर्वीचा अर्धा तास मोकळा ठेवणे हाच हिवाळ्यातील पहिला उपचार. जेवण लवकर आटोपावे, गोड आधी खावे, फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत आणि मग अखेरचे पाणी घ्यावे. कवळी असल्यास याच वेळी धुवावी व झोपताना काढून ठेवावी. सायंकाळी एकदम तांब्याभर पाणी पिऊन मात्र काही साधत नाही; त्यातील बरेचसे रात्री लघवीवाटे निघून जाते आणि झोपमोड तेवढी होते. पाणी दिवसभर, घोटाघोटाने प्यावे. उकाळलेल्या पाण्याचा काळ हिवाळ्यात चार प्रहरांचा मानला जातो. सकाळी उकाळून सोबत नेलेले पाणी पेढीवर सूर्यास्तापर्यंत पुरवता येते. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून दिले जाते, त्यांनी प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

दुसरे कारण औषधांच्या डब्यात असते. सर्दीच्या गोळ्या, लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधे, नैराश्यावरील आणि मूत्राशयाच्या तक्रारींवरील काही औषधे लाळ आटवतात. ती आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे. परंतु ‘चौविहार असतो’ हे डॉक्टरांना सांगितले, तर गोळी किंवा तिची वेळ बदलता येण्याजोगी आहे का, हे ते पाहू शकतात. हे सांगायचेच राहून जाते, हे नवल.

घरगुती उपायांतही तारतम्य हवे. पनवेलला आयुर्वेद परका नाही. श्री धूतपापेश्वर औषधशाळेचा आरंभ १८७२ मध्ये याच गावी झाला. चरकसंहितेच्या दिनचर्येत तेलाच्या गंडूषाने घशाचा शोष व ओठ फुटणे टळते, असे सांगितले आहे. सकाळी नवकारशीनंतर कोमट तीळतेल तोंडात धरून थुंकून टाकल्यास त्वचा मऊ राहते, लाळ मात्र त्याने वाढत नाही. जेष्ठमध चघळणे सर्रास चालते. पण तो रोज आणि फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढवू शकतो, आणि कोरडे तोंड बहुधा रक्तदाबाच्या रुग्णाचेच असते. खडीसाखर तर दातांचे नुकसानच करते. औषधाच्या दुकानात कृत्रिम लाळ मिळते. तिच्या काही प्रकारांत प्राण्यांपासून काढलेले म्युसिन असते, म्हणून वनस्पतिजन्य कार्बोक्सिमिथिल सेल्युलोजवर आधारलेली मागून घ्यावी.

गादीवर बसल्या बसल्या चघळल्या जाणाऱ्या सुपारीविषयी स्पष्टच बोलले पाहिजे. तिने तोंडाच्या आतील त्वचा ताठरते, जळजळते, पुढे तोंड उघडेनासे होते. त्यातूनच कर्करोगाची वाट निघते. लाळेचे मोल किती, हे पनवेल तालुक्यातीलच खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेतील एका अभ्यासाने दाखवले आहे. डोके व मानेच्या कर्करोगाच्या ६० रुग्णांवरील, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत रेडिएशनच्या दोन पद्धतींची तुलना होती. जुन्या पद्धतीत २८ पैकी २५ जणांना लाळग्रंथींचा मध्यम वा तीव्र त्रास झाला. ग्रंथी वाचवू पाहणाऱ्या नव्या पद्धतीत तो ३२ पैकी १९ जणांपुरता राहिला. गाठ जाळतानाही ग्रंथी वाचवण्यासाठी एवढी धडपड करावी लागते.

तोंडाचा कोरडेपणा थंडी सरल्यावरही राहिला, सोबत डोळेही कोरडे पडले, जिभेवर पांढरे थर आले किंवा रात्री वारंवार लघवीला उठावे लागले, तर तपासणी टाळू नये; मधुमेहाची पहिली खूण पुष्कळदा अशीच दिसते. आणि घरातील एखाद्या वृद्धेला घोटभर पाण्याशिवाय रात्र निभेनाशी झाली, तर पच्चक्खाणाच्या पोथीत तिविहारही आहेच. त्यात अशन, खादिम, स्वादिम यांचा त्याग कायम राहतो आणि पाणी मोकळे असते. आयुष्यभर चौविहार केलेल्या आजी हे स्वतःहून मागणार नाहीत. ती गोष्ट मुला-सुनांनीच महाराजसाहेबांपुढे काढावी, आणि जाताना डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्यावी.