फिल्म कॅमेरा विकायचा की ठेवायचा?

डिजिटल घेतला म्हणून जुना कॅमेरा लगेच विकू नका! आधी मागचं झाकण उघडून, रिकाम्या कॅमेऱ्याचं शटर एक सेकंदाच्या स्पीडवर दाबा. पडदा अडखळला तर आतलं तेल सुकलंय, सर्व्हिसिंग लागेल. १९८२ साली आलेला निकॉन एफएम२ किंवा पेंटॅक्स के१००० असेल तर माझं मत ठाम आहे, ठेवाच. यांचं शटर पूर्ण यांत्रिक, बॅटरी लागते ती फक्त लाइट मीटरला. इलेक्ट्रॉनिक शटरचं सर्किट गेलं की दुरुस्ती अवघड. तसला कॅमेरा चालू आहे तोवर विकलेला बरा. पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये मुळीच ठेवू नका, लेन्सला बुरशी धरते. बॅटरी काढून, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.