साधेपणाचा राजेशाही थाट

घरी पाहुणे आले की चहाचा ट्रे कुठे ठेवायचा? अर्थातच टीपॉयवर! 'टी' म्हणजे चहा, म्हणून टीपॉय, असेच आपण समजतो. पण गंमत अशी, की या शब्दाचा मुळात चहाशी काही संबंध नाही. तीन पायांची म्हणून हिंदीत 'तिपाई' आणि आपल्या मराठीत 'तिवई'. या तिपाईचे इंग्रजांनी 'टीपॉय' केले आणि आपलाच शब्द साहेबी पोशाखात आपल्या घरी परत आला.

दिवाणखान्यात या टीपॉयचे दोन प्रकार हमखास दिसतात. एक, म्हैसूरच्या सहलीहून हौसेने आणलेला शिसवी टीपॉय. त्यावर हत्ती, वेलबुट्टी असे सुबक जडावकाम. दुसरा, पोलादी नळ्यांचे पाय आणि वर काच, बस्स! पहिला पाहून आपण 'काय कलाकुसर आहे!' म्हणतो. दुसऱ्याकडे मात्र लक्षही जात नाही. तो साधाच तर असतो! पण या साधेपणालाही घराणे आहे, आणि त्या घराण्याचे धागेदोरे थेट होळकरांच्या इंदुरापर्यंत जातात.

सायकलवरून सुचलेली कल्पना

पहिल्या महायुद्धानंतर युरोपातल्या काही तरुण कलावंतांना नक्षीचा, झालरींचा कंटाळा आला. वस्तू जे काम करते ते तिच्या रूपातच दिसावे, असे त्यांना वाटू लागले. जर्मनीतल्या 'बाउहाउस' या कलाशाळेत शिकवणाऱ्या मार्सेल ब्रॉयर याला सायकल चालवता चालवता तिच्या हँडलने मोहून टाकले. नळी वाकवून हँडल होते, तर खुर्ची का होऊ नये? १९२५ च्या सुमारास त्याने पोलादी नळ्यांची खुर्ची केली आणि पुढे मेजेही केली.

पॅरिसमध्ये राहणाऱ्या आयलीन ग्रे या आयरिश बाईंनी १९२७ मध्ये असेच एक छोटे मेज केले. वर गोल काच, खाली पोलादी नळी. उंची कमी-जास्त करता येते आणि पाय पलंगाखाली सरकवला की मेज थेट झोपणाऱ्याच्या पुढ्यात येते. बहिणीला अंथरुणातच न्याहारी करायची सवय, म्हणून हे मेज केले, असे सांगतात. जगप्रसिद्ध झालेल्या या मेजाचे मूळ असे घरगुती!

इंदूरचे तरुण महाराज

याच सुमारास इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) युरोपात वावरत होते. जन्म १९०८ चा, गादीवर आले १९२६ मध्ये. ऑक्सफर्डला असताना त्यांची एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराशी मैत्री जुळली. यशवंतरावांनी त्याला आपला नवा राजवाडा बांधायला सांगितले. तोच १९३० च्या दशकाच्या आरंभी उभा राहिलेला 'माणिकबाग'.

राजवाडा म्हटले की झुंबरे, सोनेरी महिरपी डोळ्यांपुढे येतात. माणिकबागेत यातले काही नव्हते. सपाट भिंती, सरळ रेषा आणि त्या काळी अपूर्वाईची असलेली वातानुकूलन यंत्रणा. आयलीन ग्रे यांची, आगबोटीच्या डेकवरच्या खुर्चीवरून सुचलेली आरामखुर्ची तिथे होती. ल कॉर्बूझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घडवलेली आरामशय्या होती. रूलमान या फ्रेंच कारागिराचे मेज होते. काच आणि धातूचे पलंग होते. खुद्द मुथेसियसने केलेल्या लाल खुर्च्यांत वाचनासाठी दिवे बसवलेले होते. या साऱ्या हौसेत महाराणी संयोगितादेवी पतीच्या बरोबरीने होत्या. त्या आपल्या कोल्हापूरजवळच्या कागलच्या घाटगे घराण्यातल्या. पण हा संसार फार काळ लाभला नाही. १९३७ मध्ये, ऐन तारुण्यात, स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. १९६१ मध्ये यशवंतरावही गेले.

लिलावाचा हातोडा

१९८० मध्ये माणिकबागेतल्या फर्निचरचा मोनॅकोत लिलाव झाला आणि एकत्र घडवलेला तो संसार देशोदेशी विखुरला. २०१९ मध्ये पॅरिसच्या एका नामवंत संग्रहालयाने त्यातल्या अनेक वस्तू जमवून मोठे प्रदर्शन भरवले. आपल्याच गावच्या महाराजांचे फर्निचर पाहायला इंदूरकरांना पॅरिस गाठावे लागले! माणिकबागेची वास्तू उभी आहे, पण तिथे पुढे केंद्र सरकारच्या करखात्याची कचेरी थाटली गेली.

बरे, हे राजेरजवाड्यांपुरतेच घडले असेही नाही. चंडीगड वसवताना पिएर जनरे यांनी सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या, मेजे केली. पुढे ती जुनी झाली म्हणून मोडीत निघाली. परदेशी व्यापाऱ्यांनी ती स्वस्तात उचलली आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत त्यांची किंमत लाखांत गेली. २०११ मध्ये केंद्रीय गृहखात्याने त्यांच्या विक्रीला आणि निर्यातीला मनाई केली. पण तोवर बरेच सामान देशाबाहेर गेले होते.

आपल्या घरातला वारसा

आपल्या घरात आयलीन ग्रेचे मेज नसेल. पण आजोबांनी ओळखीच्या सुताराकडून करून घेतलेला टीपॉय असेलच की! दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याला देण्याआधी जरा थांबा. उलटा करून पाहा. खाली कारागिराची खूण किंवा दुकानाचे नाव सापडू शकते. खिळ्याविना केलेले सांधे नीट न्याहाळा. जुने पॉलिश घाईने घासून काढू नका, मऊ कोरड्या कापडाने पुसा. पाय डुगडुगत असेल तर चांगल्या सुताराला दाखवा. आणि मुख्य म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, हा कोणी केला, कधी केला, कशासाठी केला? ती माहिती कागदावर लिहून टीपॉयच्या खालच्या बाजूला चिकटवून ठेवा.

माणिकबागेतली प्रत्येक खुर्ची कोणी केली हे जगाला ठाऊक आहे, कारण कोणीतरी ते लिहून ठेवले. आपल्या टीपॉयची गोष्ट सांगणारे माणूस अजून घरात असेल, तर आज संध्याकाळी चहा त्यांच्याबरोबर घ्या. त्याच टीपॉयवर!