विजेच्या भट्टीतील पोलाद : उष्णतेचा अपव्यय व हवेचे प्रदूषण

बंगळूर हे यंत्रनिर्मितीचे शहर आहे. १९४० मध्ये येथे विमानांचा कारखाना स्थापन झाला, १९५३ मध्ये यंत्रहत्यारांचा कारखाना आला आणि पुढे पीण्या येथील औद्योगिक वसाहतीत लहानमोठ्या कार्यशाळांची दाटी झाली. जेथे पोलाद कातले व कापले जाते, तेथे लोखंडाचा कीस, पत्र्याचे तुकडे व मोडकी यंत्रे यांचा ढीग साचतो. हे भंगार वितळवून त्याचे पुन्हा पोलाद करता येते आणि हे कार्य मुख्यतः विजेच्या भट्टीत होते. कोळशाची झोतभट्टी मलिन आणि विजेची भट्टी निर्मळ, असा सर्वसाधारण समज आहे. त्यात तथ्य आहे. परंतु तो समज पूर्ण सत्य नाही.

भट्टीचे कार्य

पॉल एरू या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०० मध्ये फ्रान्समधील ला प्राझ येथे विद्युत् प्रज्योत भट्टी पोलादासाठी प्रथम वापरली. उच्चतापसह विटांचे अस्तर असलेल्या एका वर्तुळाकार पात्रात भंगार भरतात व झाकणातील छिद्रांतून ग्रॅफाइटचे तीन जाड दांडे आत सोडतात. या दांड्यांच्या टोकांपासून भंगारापर्यंत विजेची प्रखर ज्योत उडते. तिचे तापमान तीन हजार अंशांहून अधिक असल्याने सुमारे १,६०० अंश सेल्सिअसला पोलादाचा रस तयार होतो. चुना टाकला असता फॉस्फरससारखी अनिष्ट द्रव्ये धातुमळीत जातात व ती मळी वरून काढून टाकतात.

दुसरा प्रकार प्रवर्तन भट्टीचा. तीत ज्योत नसते. पात्राभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह वाहतो व त्यामुळे धातूतच प्रवाह उत्पन्न होऊन तो तापतो. महाराष्ट्रात जालना येथे सळ्यांसाठी लागणारे पोलाद अशाच भट्ट्यांत तयार होते. ही भट्टी उभारण्यास स्वस्त असली, तरी तीत शुद्धीकरण फारसे होत नाही. जे भंगार आत जाते, त्याचेच गुणदोष पोलादात उतरतात.

उष्णता कोठे जाते?

एक टन भंगार वितळवून ओतण्याजोगे तापविण्यास तत्त्वतः सुमारे ३८० युनिट वीज पुरेशी आहे. प्रत्यक्षात बऱ्याच भट्ट्यांत ५०० ते ६०० युनिट खर्च होतात. शिवाय प्राणवायू, कोळशाची भुकटी व तेल यांची उष्णता त्यात मिळवावी लागते ती निराळीच. हा फरक जातो कोठे?

मोठा वाटा भट्टीतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंचा असतो. तो एकूण उष्णतेच्या पाचव्या हिश्शाइतका, कधी त्याहूनही अधिक भरतो. या वायूंत कार्बन मोनॉक्साइड असतो. कर्ब पूर्ण जळल्यास जी उष्णता मिळते, तिच्यापैकी सुमारे सत्तर टक्के या अर्धवट जळलेल्या वायूत अडकून राहते. तो भट्टीबाहेर गेला म्हणजे ही उष्णताही गेली. भिंती व झाकण थंड ठेवणारे पाणी आणखी काही वाटा नेते, मळी आपला वाटा नेते आणि भंगार भरताना झाकण उघडले की उष्णता सरळ छपराकडे जाते. रस तयार होऊनही ओतण्याची सिद्धता नसेल, तर भट्टी केवळ रस गरम ठेवण्यासाठी वीज खाते. हा अपव्यय यंत्राचा नसून नियोजनाचा असतो.

याहून मोठा अपव्यय भट्टीच्या दाराआधीच होतो. औष्णिक वीजकेंद्रात कोळशातील उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्साच विजेत उतरतो. भारतीय कोळशात राख पुष्कळ असल्याने एका युनिटमागे सुमारे ०.७ किलोग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे ५०० युनिट वापरणाऱ्या भट्टीत धूर दिसला नाही, तरी एका टनामागे ३५० किलोग्रॅम कोळसा दूर कोठेतरी जळालेला असतो. म्हैसूर राज्यात वीज शिवसमुद्रच्या जलविद्युत् केंद्रातून १९०२ पासून मिळू लागली व १९०५ मध्ये बंगळूरचे रस्ते तिने उजळले. दीर्घकाळ येथील वीज मुख्यतः पाण्याची होती. १९८५ मध्ये रायचूर येथे औष्णिक केंद्र चालू झाले, तेव्हापासून कोळशाचा वाटा वाढला. अलीकडे पावगड येथील २,०५० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासारख्या केंद्रांनी त्याला उतार दिला आहे.

भद्रावतीचा धडा

याच राज्यातील भद्रावती येथे १९२३ मध्ये लोखंडाचा कारखाना चालू झाला. तेथील झोतभट्टी लोणारी कोळशावर चाले व त्यासाठी आसपासच्या वनांतील लाकूड लागे. १९४८ मध्ये जोग येथील जलविद्युत् केंद्र चालू झाले आणि १९५० नंतरच्या दशकात भद्रावतीस खनिजापासून लोखंड गाळणाऱ्या विद्युत् भट्ट्या आल्या. वनांवरील भार त्यांनी हलका केला; मात्र खनिजातील प्राणवायू काढून टाकण्यास कर्ब लागतोच, आणि त्या प्रक्रियेस लागणारी उष्णता विजेने पुरवायची तर एका टनास सुमारे अडीच हजार युनिट लागतात. भंगार वितळविण्यास याचा पाचवा हिस्साही पुरतो, कारण ते मूळचेच धातू असते. वीज स्वस्त व मुबलक असेपर्यंतच खनिजाचे विद्युत् प्रगलन परवडते, हा त्याचा अर्थ.

धूर व धूळ

प्रज्योत भट्टीतून एका टन पोलादामागे १० ते २० किलोग्रॅम बारीक धूळ निघते. वर्षाला एक लाख टन पोलाद करणाऱ्या कारखान्यात ती एक ते दोन हजार टन होते. लोखंडाच्या ऑक्साइडाबरोबर तीत जस्त, शिसे व कॅडमियम असतात. जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे भंगारात आले की जस्त ९०७ अंशांसच उकळते, वाफ होऊन वर जाते व हवेत त्याची भुकटी बनते. कार्यशाळांतील कीस कापण्याच्या तेलाने भिजलेला असतो. तो तसाच टाकला तर काळा धूर उठतो. क्लोरीनयुक्त द्रव्ये असल्यास वायू सावकाश थंड होताना डायॉक्सिन नावाची अत्यंत विषारी संयुगे बनतात. हा भार प्रथम भट्टीवरील कामगाराच्या फुप्फुसांवर पडतो, नंतर शेजारच्या वस्तीवर. धूळ उघड्यावर टाकली, तर पावसाने शिसे व कॅडमियम जमिनीत उतरतात.

उपाय व त्यांची मर्यादा

झाकणास चौथे छिद्र पाडून वायू तेथूनच ओढून घ्यावा, छपराखाली मोठा पंखा व झडप ठेवावी आणि सर्व हवा कापडी पिशव्यांच्या गाळणीतून न्यावी, हा रूढ उपाय आहे. साठलेल्या धुळीतील जस्त परत काढता येते. विजेच्या बचतीसाठी मळीत कोळशाची भुकटी व प्राणवायू सोडून ती फेसाळती करतात. फेसात ज्योत झाकली जाते, उष्णता रसात उतरते व अस्तराचेही रक्षण होते.

येथे एक पेच उद्भवतो. बाहेर जाणाऱ्या तप्त वायूने भंगार आधीच तापवले, तर एका टनामागे अनेक दशके युनिटांची बचत होते. परंतु तेलकट भंगार अशा मंद तापात जळत नाही. ते धुपते आणि दुर्गंधी व विषारी वायू सोडते. म्हणून ते वायू पुन्हा जाळून झपाट्याने थंड करावे लागतात आणि त्यात बचतीचा काही भाग खर्च होतो. एका बाजूस वीज वाचविणारा उपाय दुसऱ्या बाजूस हवा बिघडवू शकतो, हे विसरता कामा नये.

त्याहून सोपा उपाय भट्टीच्या अलीकडेच आहे. भंगार निवडून घ्यावे. कीस तेल निथळवून व धुवून घ्यावा. जस्ती पत्रे वेगळे ठेवावेत. याला महाग यंत्र लागत नाही, शिस्त लागते. भंगाराचा व्यापारी, भट्टीवाला व कार्यशाळेचा मालक हे तिघे मिळूनच ती पाळू शकतात. पोलादाचा भाव ठरविताना विजेची किंमत धरली जाते. शेजारच्या वस्तीच्या हवेची किंमत धरली जात नाही. ती धरली गेली, तरच विजेची भट्टी खऱ्या अर्थाने निर्मळ ठरेल.